मायचं सीट

आमच्या घरातली पहिली गाडी एवढी लहान होती की आत्या आत बसली की ती एका अंगाला कलायची. त्या काळी कुरुंद्यात आमच्या गल्लीत चारचाकी तेवढी एकच. म्हणजे ती आमची कमी आणि भावकीची जास्त. कुणाच्या लग्नाला, कुणाच्या तिसऱ्याला, नरसीला दर्शनाला, काहीही असो, गाडी निघणार म्हटलं की अर्धी भावकी आंघोळ करून अंगणात हजर. वडील चालवायचे. शेजारी त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, कारण तिला मागं मळमळायचं. पुढं बसून ती वडिलांना मुक्काम येईपर्यंत गाडी चालवायला शिकवायची. तिला स्वतःला सायकलही येत नव्हती. मागं दोन काका, दोन काकू आणि त्यांच्या मांड्यांवर आम्ही पोरं, वरच्या थरात.

माय तेवढी नसायची. "जा तुमी, मी घर बघते," म्हणायची. बॅटरी उतरलेली असली तर धक्काही तीच द्यायची. आतलं कुणी मदतीला उतरत नसे, कारण उतरला त्याची जागा गेली. मागच्या काचेतून धुळीत उभी राहिलेली माय दिसायची आणि मी डोळे पुसायचो. आपण घेऊ तेव्हा मोठीच गाडी घेऊ, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

पुढं वसमतला खताचं दुकान टाकलं आणि चार पैसे हातात आल्यावर शोरूममध्ये गेलो. तिथला पोरगा मायलेज, एअरबॅग, असलं काहीबाही सांगत होता. मी एकच विचारलं, माणसं किती बसतात? बायकोला कोपऱ्यातली छोटी लाल गाडी आवडली होती. "माणसं आपून मोजकी, अन् तुमी बस घेऊन राहिलात का?" ती म्हणाली. मी ऐकलं नाही. सात सीटांची घेतली. मायला पहिल्यांदा आत बसवलं, आणि भेटेल त्याला सांगत सुटलो, मायसाठी घेतली म्हणून.

त्यानंतर मायला सुटका नाही. बारसं, साखरपुडा, कुणाच्या जनावराला लागलेलं बघायला जाणं, सगळीकडे माय. मधल्या सीटवर वडील आणि काका पसरायचे, बायको कडेला चेपून बसायची, पुढं आत्या मला गाडी चालवायला शिकवायची, आणि माय आपण होऊन एकदम मागं, गुडघे छातीशी घेऊन. मला आरशात ती दिसायची आणि माझी छाती फुगायची.

परवा बहिणीचा फोन आला. तिच्या घरी गाडी घ्यायची होती आणि लहान की मोठी यावरून नवरा-बायकोत जुंपली होती. मी स्पीकर लावून ऐटीत म्हटलं, "मोठी घे, कुणी मागं राहत न्हाई." शेजारी माय लसूण सोलत होती. जन्मात गाडीबद्दल शब्द न काढलेली माय फोनकडे वाकून म्हणाली, "लहान घे बाई. जेवढी मिळंल तेवढी लहान."

मी फोन ठेवला. "काहून गं माय?"

"तिला बी सासू हाय, नणंदा हायेत. समदे गाडीत बसून गेले म्हंजी लेकीला घडीभर घर मिळंल." पुढची पाकळी सोलत म्हणाली, "तुमी गेलात की मी अद्रक टाकून तांब्याभर चहा करायची. एकटीच प्यायची. मंग आडवी व्हायची. कुनी पानी दे म्हनत न्हवतं. तू गाडी घेतलीस अन् ते बी गेलं."

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"तू एवढ्या कौतिकानं घेतलीस. कसं बोलू?"

आधी मला रागच आला. एवढं डिझेल जाळलं त्याचं काही नाही. मग वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. जिच्यासाठी मी लहानपणी काचेतून डोळे पुसले, ती बाई आम्ही कधी एकदाचे जातो याची वाट बघत होती.

रविवारी साखऱ्याला आत्याच्या लेकीकडं नातवाचं जावळ होतं. सकाळी कुणी यायच्या आत मी मागचं सीट पाडलं आणि तिथं हळदीची दोन पोती टाकली. ती साखऱ्यात कुणालाच द्यायची नव्हती.

आत्या डोकावली. "आरं, तुझी माय कुठं बसंल?"

"इलाज न्हाई आत्या, पोती पोचवायचीत."

माय नवं लुगडं नेसून दारात आली होती. तिनं पोत्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तोंड असं काही पाडलं की आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऱ्हाऊ द्या," माय म्हणाली, "पुढच्या बारीला येईन."

मी गाडीत बसलो. चावी अजून फिरवलीही नव्हती, तोवर घराच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला.