अरुणावतीच्या काठचे ओले दगड

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडून आले. तेव्हापासून आमच्या घरात अंगारा, उतारा, नजर काढणं... यातलं काहीच कधी झालं नाही. आर्णीला माझं मेडिकल स्टोअर आहे. गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवर या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. स्वतः लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. पण आता घरात या विषयावर बोलायची सोयच उरलेली नाही, म्हणून लिहितेय.

प्रशांत माझा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, त्यामुळे त्याचं जेवण, शाळा, आजारपण सगळं मीच केलं. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं त्याचं दुकान आहे. स्वभावाने इतका नरम की गिऱ्हाईक भांडलं तर हाच त्याला चहा पाजतो. दोन वर्षांपूर्वी त्याला सायकलचं वेड लागलं आणि त्याने ग्रॅव्हल बाइक घेतली — हँडल रेसच्या सायकलसारखं वाकडं, पण टायर जाड आणि खाचांचे. डांबरी रस्ता सोडून मुरमावर, शेतांमधल्या पांदणीने, जंगलाच्या वाटांनी चालवायची सायकल. मला शुगर निघाल्यावर त्याने मलाही एक जुनी मिळवून दिली. हायवेवरच्या ट्रक-ट्रॅव्हल्सच्या गर्दीत मी सायकल कधीच चालवली नसती. पण नदीकाठच्या वाटेवर... ना हॉर्न, ना धूर. रविवारची सकाळ म्हणजे आमचा सण झाला होता.

प्रशांतच्या डोक्यात एक बेत होता. यवतमाळ-नागपूरच्या सायकलवाल्या मित्रांना इकडे बोलवायचं आणि त्यांना पूर्ण दिवसाचा असा रूट दाखवायचा, ज्यात डांबर लागणारच नाही. बाकी वाटा आमच्या पायाखालच्या होत्या. अरुणावतीच्या काठाने सागवानाच्या जंगलातून जाणारा एक तुकडा तेवढा बघायचा राहिला होता.

जानेवारीतला रविवार होता. आम्ही उजाडता उजाडता निघालो. नदीकाठच्या पांदणीने गेलो, दोन्हीकडे वेचणीला आलेला कापूस, मध्येच तुरीचे पट्टे. जंगल लागलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. वाट सपाट, लाल मुरमाची. डावीकडे बरंच खाली नदी, तिच्यात कुठे कुठे डोह. उजवीकडे साग. जमिनीवर सागाच्या वाळलेल्या पानांचा थर — ससा पळाला तरी ऐकू येईल इतका कोरडा.

प्रशांत पुढे, मी मागे. अचानक तो थांबला आणि पाठ चोळत वळला.

"ताई, काहून मारून राह्यली?"

"मी कायले मारू तुले?"

"मग गोटा कोनं मारला?"

मला वाटलं टायरखालून खडा उडाला असेल. पण मी तर त्याच्या मागे होते आणि खडा मागून त्याच्या पाठीत बसला होता. तो म्हणाला, "तू हो समोर." मी पुढे गेले. थोडं अंतर गेलो असू, तोच मागून "आई गं" ऐकू आलं. या वेळी दगड त्याच्या छातीवर लागला होता. म्हणजे समोरून. जिथे मी होते.

तो दगड मी उचलला. लिंबाएवढा, गोल गुळगुळीत, नदीच्या तळाशी असतो तसा. आणि ओला. नुसता ओला नाही, त्याला शेवाळ होतं, गाळाचा वास होता. वाटेवरचा मुरूम टोकेरी, कोरडा. नदी तर खाली, दरडीच्या पायथ्याशी.

ढोरं चारणारी पोरं मस्करी करत असतील म्हणून प्रशांत ओरडला, "कोन आहे रे? समोर या." सायकल आडवी टाकून तो काठी घेऊन झाडीत शिरला. त्याच्या प्रत्येक पावलाला पानं कुरकुर वाजत होती. बाकी कसलाच आवाज नव्हता. पक्षीही नाही... हे मला तेव्हा जाणवलं. तो आत उभा असतानाच त्याच्या खांद्यावर तिसरा दगड बसला. मी त्याच्याकडेच बघत होते, तरी तो कुठून आला ते दिसलं नाही. दगड आधी दिसायचाच नाही. लागल्याचा आवाज यायचा, मग तो खाली पडलेला दिसायचा.

"चाल, वापस जाऊ," मी म्हटलं.

"नाई. मी काय कोनाचं खाल्लं? सरकारी वाट आहे."

इतक्या वर्षांत त्याचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्याने सायकल उचलली आणि दात-ओठ खात पुढे निघाला. मी मागे. आता दगड थांबतच नव्हते आणि मोठे होत चालले होते. हेल्मेटवर, कोपरावर, मांडीवर. एकही मला लागला नाही, एकही वाया गेला नाही. मी इथले किस्से वाचते त्यात माणसं म्हणतात, कुणीतरी बघतंय असं वाटलं. मला तसं काही वाटलं नाही. मला वाटला तो राग. गल्लीत एखादा माणूस एखाद्यावर डूख धरून असतो ना, तसा. आणि तो माझ्यावर नव्हता, एवढं नक्की.

शेवटी प्रशांत खाली बसला, डोकं दोन्ही हातांत. मी धावत जाऊन त्याच्या अंगावर वाकले, हात पसरून त्याला पूर्ण झाकलं. पुढचा दगड माझ्या काखेखालून गेला आणि त्याच्या बरगडीवर बसला. माझ्या जॅकेटला नुसती ओल लागली.

"उठ. घरी चाल," मी म्हटलं. तो हँडल धरून सायकल वळवायला लागला, तोच नारळाएवढा दगड हँडलवर आला, त्याच्या बोटांवर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

आम्ही वळलो. वळल्यावर एकही दगड आला नाही. दोन्ही सायकली मी ढकलत आणल्या, तो हात पोटाशी धरून चालत होता.

दोन बोटं फ्रॅक्चर, बरगडीला चीर. डॉक्टरांना आम्ही सांगितलं, सायकलवरून पडला.

दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या एका वनरक्षकाला घेऊन तिथे गेले. दगड वाटेवर पडलेले होते, पण एव्हाना वाळलेले. तो म्हणाला, "मॅडम, वानरं असतील." वानरं नदीच्या तळातला दगड काढून वर आणतात का, हे मी विचारलं नाही. जवळच्या गावात चौकशी केली. मला वाटलं, काहीतरी जुनी गोष्ट निघेल. कुणी मेलेलं, कुणी मारलेलं. काहीच नाही. पानटपरीवरच्या माणसांनी आधी ऐकून घेतलं, मग त्यांचे चेहरे बदलले. एक जण म्हणाला, "आमची बायामानसं रोज त्याच वाटेनं सरपनाले जातेत. कोनाले कायी होत नाही. आमच्या गावाले कायले बदनाम करून राह्यल्या?" दुसऱ्याने आमची गाडी कुठे उभी आहे ते बघितलं. आम्ही निघालो.

मग मी एक केलं, जे करायला नको होतं. पुढच्या रविवारी, कुणाला न सांगता, सायकल घेऊन मी एकटी गेले. मनात होतं की मलाही एखादा लागावा. निदान दोघांना लागला असं तरी होईल. मी त्या जागेवर थांबले, पुढे गेले, अख्खा तुकडा पार केला, परत आले. ऊन, साग, खाली डोहात बगळे. पक्षी ओरडत होते. इतकी सुंदर वाट मी आजवर पाहिलेली नाही.

तशीच प्रशांतच्या घरी गेले. तो हाताला प्लास्टर घालून दिवाणावर बसला होता. मी म्हटलं, "मी जाऊन आली. काहीच नाही तिथं. तू मनातून काढून टाक."

"तू एकटी गेलती?"

"हो."

"आन तुले काहीच झालं नाही."

त्याची बायको सारिका चहा घेऊन आली होती. ती कप ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "ताई, मी तुमाले काही म्हनत नाही. पन त्या दिवशी तिथं दुसरं होतं कोन?"

मला वाटलं, तो तिला गप्प करील. तो खिडकीकडे बघत बसला. मी म्हटलं, "प्रशांत, मी तुह्यावर वाकली होती. तुले झाकला होता मी." तो म्हणाला, "हाव. आन गोटा तुह्याच काखेतून आला."

आपला भाऊ रात्र-रात्र जागून काय शोधत असेल, हे मला तेव्हा कळलं. आधी त्याने स्वतःत शोधलं होतं — मी कुणाचं काय वाईट केलं, हे त्याने मला कितीदा तरी विचारलं होतं. तिथे काही सापडलं नाही. मग जो एक माणूस तिथे होता, त्याच्याकडे तो वळला. त्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं.

त्याची बोटं आता बरी आहेत. सायकल त्याने विकली. दुकानासमोरून गेले तर जेवढ्यास तेवढं बोलतो. मागच्या महिन्यात दारव्ह्याला चुलत बहिणीच्या लग्नात मी पंगतीत वाढत होते. तो पाठमोरा बसलेला. मी मागून जाऊन म्हटलं, "प्रशांत, भाजी घे." तो वळला नाही. त्याने फक्त मान खांद्यांत ओढून घेतली आणि तसाच बसून राहिला... वाट बघत.

मी भाजी वाढली आणि पुढच्या पानाकडे गेले. त्या वाटेवर काय होतं, ते मला आजही माहीत नाही. आणि दगड मारणारी मी नव्हते, हे त्याला पटवून द्यायला माझ्याकडे काहीही नाही.