चिपमधला अंकलचा हात

फुकटात काही होतंय म्हटलं की माझ्या अंगात येतं. शेजारचे अंकल म्हणाले, रेडिओच्या चिपमध्ये नवा प्रोग्रॅम घालायचाय, त्यासाठी प्रोग्रॅमर नावाचं वेगळं यंत्र मागवावं लागणार. मी लगेच उडी घेतली. "कशाला मागवताय? मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टचा आर्डुइनो बोर्ड पडलाय घरी. सहा वायरी जोडल्या की तोच प्रोग्रॅमर. खलास!"

अंकल मूळचे वसईचे. सगळी नोकरी अबू धाबीच्या हॉटेलांत झाली, आता रिटायर होऊन कायमचे परत निघाले होते. तो लहानसा रेडिओ त्यांनी किट आणून स्वतः जोडलेला. सुरू केला की आधी मोर्स कोडच्या टिंब-रेघांत त्यांचा नमस्कार वाजायचा. तो टाइप केलेला नव्हता. त्यांनी कळ दाबून वाजवला होता आणि चिपने प्रत्येक विराम जसाच्या तसा धरून ठेवला होता. तेव्हा त्यांचा हात कापत नव्हता. आता चहाचा कपही ते दोन्ही हातांनी धरतात.

शनिवारी दुपारी अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या त्यांच्या हॉलमध्ये, अर्धवट भरलेल्या खोक्यांच्या गराड्यात मी लॅपटॉप उघडला. नियम साधा आहे. आधी चिपमधलं सगळं वाचून कॉपी काढायची, मगच नवं लिहायचं, कारण लिहिण्याआधी चिप पार कोरी होते. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण अंकल कौतुकाने बघत होते आणि मला भाव खायचा होता. कॉपी न काढताच मी बटण दाबलं.

रेडिओ सुरू झाला, स्टेशनं पूर्वीपेक्षा स्वच्छ लागली. नमस्कार मात्र वाजला नाही.

"जुना काढून ठेवलायस ना गं?"

"हो, आहे ना अंकल. नंतर परत घालून देते, इन्शाल्ला."

इतकं सफाईदार खोटं मी ऑफिसातही कधी बोलले नव्हते.

"मग तोवर नवा करू," म्हणत त्यांनी कळ पुढे ओढली. बोट थरथरलं, एका टिंबाची दोन झाली, मध्येच हात थांबला. चिपने तेही सगळं इमानदारीत साठवलं. ऐकून ते हसले. "चालेल, टेम्पररी आहे." मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यांना विमानतळावर सोडतानाही सांगता आलं नाही. चिप पुसली याची लाज आहेच, पण त्या "हो"ची जास्त आहे. रोज ठरवते, आज फोन करून सांगायचं.

परवा त्यांचाच फोन आला. मागे तो कापरा नमस्कार वाजत होता.

"तू घाई करू नको गं," ते म्हणाले. "नातवंडं हसतात याला. मी सांगतो त्यांना, हा टेम्पररी आहे. माझा खरा हात अबू धाबीला शेजारणीकडे आहे, एकदम सेफ. बरोबर ना?"

मी पुन्हा हो म्हणाले.