उपाशी वाकळ

एसटीच्या टपावर माझी ट्रंक चढली आणि आईने खिडकीतून माझ्या मांडीवर वाकळ कोंबली. तीही अर्धीच. जुन्या लुगड्यांच्या थरांना कडेपासून आत आत दोरा भरत आणलेला, आणि मधोमध ताटाएवढी जागा मोकळी.

"तितली तू भर. तुज्या चुलीवर भाकर कर, तिचा तुकडा वाकळंच्या पोटात घाल, मगच तोंड शिव. उपाशी वाकळंखाली झोप लागत न्हाई, बाई."

आमच्या घरची ही रीतच. गाडी हलली. मी रडतेय असं सगळ्यांना वाटलं. खरं तर शेजारच्या बाईला वाकळीचा वास येत असेल का, याची मला लाज वाटत होती!

मुक्काम वाशी. सत्तरच्या दशकातली वाशी म्हणजे चिखल, डास आणि त्यात उभ्या कोऱ्या इमारती. ह्यांची नोकरी बेलापूर रस्त्यावरच्या केमिकल कंपनीत. ब्लॉक दोन खोल्यांचा, पण मी मिरवायचे राजवाड्यासारखा. वाकळ गेली माळ्यावर.

मग सोसायटीत भरतकामाचा क्लास निघाला. तिथल्या बाई आधी शब्द शिकवायच्या, मग टाका. कशिदा फारसीतला, म्हणजे ओढलेला. भरत हे भरण्यावरून, कोऱ्या कापडात दोरा भरायचा म्हणून. आणि वाकळ म्हणे वल्कलावरून, झाडाच्या सालीच्या वस्त्रावरून, आली असावी. हे ऐकून मी मान खाली घातली. ऋषिमुनींचं वस्त्र माझ्या माळ्यावर धूळ खातंय, हे मी त्या क्लासात मेले तरी बोलले नसते.

धाकट्याच्या वेळी आई आली. मी तिला भिंतीवरचं माझं 'सुस्वागतम्' दाखवलं. बाजूला दोन पोपट, त्यातल्या एकाची चोच बदकाची. वर क्लासातली विद्याही ऐकवली, "भरत म्हणजे भरणं, कळलं का आई?"

"व्हय? मग ह्येच्या पोटात काय भरलंयस?" तिने फ्रेम उलटी करून पाहिली. "आन् माजी वाकळ भरलीस का गं?"

"भरीन की. हे काय आपलं घर आहे? ह्यांच्या नोकरीचं साताऱ्याला जमलं की परतच येणार. तिथे भाकरी करते आणि तुझ्यासमोर भरते."

"माज्याम्होरंच भरायची तर आत्ता भर की. भाकरी हितंबी फुगत्यात."

मी हसले आणि ब्रेड आणायला खाली गेले. काय ती ऐट!

पुढे ती आली की जाताना तेच विचारायची, मी तेच सांगायचे. साताऱ्याचं काही जमलं नाही. वाशीत दुकानं आली, शाळा आल्या, ऐंशी उलटता उलटता पोरं "आमी वाशीचे" म्हणू लागली. मी मात्र पाहुणीच राहिले. मग आई गेली.

तिचे दिवस करून परतले त्या संध्याकाळी गॅसवर भाकरी केली. मेली फुगलीसुद्धा. माळ्यावरून वाकळ काढली, तुकडा घातला आणि भरायला बसले. क्लासात साखळी टाक्यात माझा पहिला नंबर, आणि इथे साधा धावदोरा सरळ येईना. आईचे टाके तांदळाच्या दाण्यासारखे, माझे तांदळातल्या खड्यांसारखे. बरं झालं तिने पाहिले नाहीत, असं म्हणून हसायला गेले आणि डोळ्यांना पदर लावावा लागला.

गावात राहिलेल्यांनो, तुम्ही विचारता घरी कधी येणार. माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, तुम्ही विचारता आता घर कुठलं. वाकळ अजून माझ्या अंगावर असते. भाकरी केव्हाच विरली. डोळे मिटून कडेपासून बोट फिरवत आत येते. तांदूळ, तांदूळ, तांदूळ, आणि पहिला खडा लागला की थांबते. तेवढी जागा माझं घर.

आईला दाखवायचं राहिलं.