लक्ष्मी गेटचं खिचडीवालं धरणं

झाशीला मी किल्ला बघायला गेले नव्हते, एका माणसाला उठवायला गेले होते. किल्ला वाटेत होता म्हणून पाहिला. झालं असं, की वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या आतेभावाची, श्रीदादाची बायको. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या झाशीतले मराठी. पूर्वज कारकुनी करायला म्हणून गेले आणि तिथलेच झाले. वहिनी म्हणाली, "कुमुदताई, तुम्ही या जी. दोन वर्षं झाली, हे धरण्यावर बसलेत. कुणाचं सुनत नाहीत. तुमच्या तोंडाला तेवढे भितात." हे आमंत्रण की अपमान, ते ठरायच्या आत मी तिकीट काढलं होतं.

नाशिक रोडला संध्याकाळी गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी झाशी. हिवाळ्यात जाणार असाल तर थोडे जास्त पैसे टाका आणि एसीत बसा. स्लीपरच्या खिडक्या बंद होतात असं फक्त रेल्वेला वाटतं. मे महिन्यात जाणार असाल तर तुम्हाला माझा नमस्कार. स्टेशनबाहेर ऑटोवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. मी निम्म्यावर आणला आणि म्हटलं, "लक्ष्मी गेट के पास, जहाँ धरना चल रहा है."

"खिचड़ी वाला धरना? बैठिए."

"किस बात का धरना है, भैया?"

"कोई माँग है उनकी," त्यानं रिक्षा वळवत सांगितलं. "पर खिचड़ी बढ़िया बनती है. हमने भी खाई है."

मी कपाळाला हात लावला. दोन वर्षं बसून लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर खिचडी!

लक्ष्मी गेटच्या आत गल्ल्या अशा, की समोरून स्कूटर आली तर एकानं दुकानात शिरावं. तिथंच एका कुलूपबंद फाटकापुढे तंबू होता. फाटकाच्या आत सरकारी दवाखाना होता, तो हलवून गावाबाहेर हायवेजवळ नेला. तो परत आणा, ही मागणी. बॅनरवर तसं लिहिलंही होतं, पण उन्हानं अक्षरं इतकी उडाली होती की नुसतं 'वापस लाओ' वाचता येत होतं. खाली सहा म्हातारे. गाद्या, लोड, टेबलफॅन, कॅरम. थाट असा, की मुलीकडचे लोक येऊन बसलेत आणि मुलाकडचे यायचेत.

"कुमे! आलीस?" श्रीदादानं सोंगटी सोडली नाही. "बस. आज माझं अनशन आहे. चहा घेशील?"

आता खिचडीचं प्रकरण सांगते. रोज एकानं आळीपाळीनं उपाशी बसायचं, असं सुरुवातीला ठरलं. पहिली पाळी दादाची. आता आपल्या माणसांना उपास म्हटलं की हात आपोआप साबुदाणा भिजत घालतो. वहिनीनं दुपारी खिचडीचा डबा पाठवला आणि दादानं तो भर रस्त्यात, लोकांदेखत, शांतपणे खाल्ला. दुसऱ्या पाळीच्या मराठी घरातून वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी आली. तिसऱ्याकडून रताळ्याचा कीस. मग बायकांमध्ये चढाओढच लागली. गल्लीतल्या लोकांनी बघितलं, की भूख हड़तालवाले ढेकर देतायत. कुणीतरी फोटो काढला आणि तो पार स्टेशनपलीकडच्या सीपरी बाजारापर्यंत मोबाइलमोबाइलवर फिरला.

"त्यात काय चुकलं?" दादा खरोखर दुखावून म्हणाला. "सगळं उपासाचंच होतं. मीठसुद्धा सैंधव."

मी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला केला. लवकर जा, तिकीट फार नाही, वर पाणी मिळेलच असं नाही. वरून गाव छान दिसतं. आमचा गाइड प्रत्येक बुरुजावर छाती फुगवून "यहाँ से लड़े थे!" म्हणत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. लढाई झालेली असली की टाळ्या वाजवणं सोपं जातं, चालू असली की रस्ता अडतो. हे माझं मत. गाइडला ते आवडलं नाही.

उतरून तंबूसमोरच्या दुकानात कचोरी-जिलबी खाल्ली. कचोरीत बडीशेप जास्त, जिलबी फक्कड. मालक बोलका निघाला. मी दादाची बहीण, हे अर्थात सांगितलं नाही.

"हम भी बैठे थे, बहनजी," तो तळता तळता म्हणाला. "शुरू में पूरा मोहल्ला बैठा था. हमने दुकान तक बंद रखी. फिर साहब आए, ज्ञापन लिया, बोले हो जाएगा. हमने सोचा, हो गया."

"हुआ तो नहीं."

"नहीं हुआ. पर कब तक बंद रखें? फिर इधर प्राइवेट क्लिनिक खुल गया, लड़कों के पास बाइक है, काम चल जाता है. अब तो बारात निकलती है तो यही तंबू अड़ता है." मग झारा माझ्याकडे रोखून म्हणाला, "गलत नहीं हैं वो लोग. बस, पुराने हो गए."

मला एकदम राग आला, आणि तो नेमका कुणावर हे कळेना. कचोरी मात्र संपवली.

तंबूत गेले तर एक म्हातारी काठी टेकत उभी. गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी ही अम्मा. प्रेशरची गोळी घ्यायला याच दवाखान्यात चालत यायची. आता हायवेवर जायला ऑटो लागतो, म्हणून कधी जाते, कधी राहते. तिनं हातातली गोळ्यांची रिकामी पट्टी दाखवत विचारलं, "काए भैया, दवाखानो कबे खुलहै?"

"लड़ रहे हैं, अम्मा," दादा म्हणाला आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती बसली नाही. "बैठे रइयो," म्हणाली आणि निघून गेली.

मग मी तोंड सोडलं. ऑटोवाल्याचं सांगितलं, कचोरीवाल्याचं सांगितलं. म्हटलं, "दादा, तुम्ही आता एकमेकांशीच बोलताय. गावाला तुमची मागणी ठाऊक नाही, तुमचा मेनू ठाऊक आहे. वहिनी घरी एकटी कुढतेय. कुणी बघतसुद्धा नाही रे तुमच्याकडे! कुणासाठी बसलायस?"

बाकीचे पाचजण कॅरमच्या सोंगट्या उगाच गोळा करू लागले. अम्मासाठी ओढलेली खुर्ची दादानं परत जागेवर ठेवली. "लोक विसरले, ते मला कळतं गं," तो म्हणाला. "उठलं की मी पण विसरेन, याची भीती वाटते."

मला वाईट वाटलं. पण मी उठवायला आले होते, त्यामुळे दया दाखवली नाही. रात्रीच्या जेवणाला तो स्वतःच म्हणाला, "तंबूवाल्याला सांगतो, घेऊन जा म्हणून." दादाच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमधल्या मधल्या खोलीला ते अजून माजघर म्हणतात, तिथं वहिनीनं मला आग्रह करकरून पुरणपोळी वाढली. मला विजयी वीरासारखं वाटत होतं.

परतीची गाडी तीन तास लेट. झाशी स्टेशनवर थांबायची वेळ आली तर समोसे गरम असतील तेव्हाच घ्या.

घरी येऊन आठवडा झाला असेल. हे सगळं लिहायला बसले होते, शेवटी 'मोहीम फत्ते' असं टाकायचा बेत होता, तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"उठवला जी तंबू काल," ती म्हणाली. "गल्ली मोकळी झाली. सगळे खूश आहेत."

"आणि दादा?"

"सकाळी दूध आणायला गेले होते. फाटकापाशी अम्मा उभी होती, गोळ्यांची पट्टी घेऊन. तंबू दिसला नाही ना, तिला वाटलं दवाखाना उघडला, म्हणून हे लोक उठले. पहाटेपासून कुलूप काढायची वाट बघत होती."