देवमाशाचे सहा मणके

भिंत आडवी आली म्हणून माझ्या देवमाशाचे सहा मणके काढून टाकले होते.

साठ सालच्या सुमाराची गोष्ट. मी डॉल्फिन मोजायला कारवारला गेलो होतो. बंगळूरला परतलो, तर आमच्या म्युझियमच्या हॉलमध्ये सांगाडा टांगलेला आणि पाठ आखूड. तो देवमासा वाळूत पुरून, मांस कुजल्यावर हाडं मीच वर काढली होती. शेजारचे मणके सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येकावर शाईने नंबर घातला होता. शिडीवर चढून पाहिलं. एकतीसच्या पुढे थेट अडतीस!

"रंगण्णा, हे काय?" मी फिटरला विचारलं.

"दोड्ड साहेबांची ऑर्डर, सार."

दोड्ड साहेब म्हणजे आमचे डायरेक्टर. बंगळूरच्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांच्या केबिनमध्ये शिरलो, तर एका मणक्यावर फर्नची कुंडी!

"हॉल तेवढाच आहे रे," ते म्हणाले. "शुक्रवारी मंत्री येणार. ते काय मणके मोजणार आहेत?"

"फॅमिली फोटो फ्रेममध्ये बसत नाही म्हणून दोन काका कापाल का, सर?"

"स्वल्प शांत हो."

"नाही होणार. लेबलवर 'सहा मणके कमी' असं लिहीन."

ते दचकले. लेबल मंत्री वाचणार होते.

"बरं, सगळे लावा. शेपटी बाजूला वळवा. सरी? ठीक आहे ना?"

माझं डोकं आणखी फिरलं. "सर, शेपटी डावी-उजवीकडे हलवतो तो मासा! देवमासा सस्तन प्राणी, पिलांना दूध पाजणारा. त्याची शेपटी वर-खाली चालते. खाली वाकवली तरी हॉलमध्ये मावेल."

"लोकांना तेवढं कळत नाही."

"म्हणूनच म्युझियम असतं ना, सर?"

"खाली वाकवायला नवे लोखंडी बार लागतील. वेळ नाही. बाजूलाच वळवा."

विषय संपला होता. मी हॉलमध्ये गेलो, मोजायची टेप लावली आणि त्यांना बोलावून आणलं.

"बाजूला वळवली तर शेपटीचं टोक इथे येतं."

"इथे? ही मंत्र्यांची खुर्ची!"

"बरोबर डोक्यावर, सर."

डायरेक्टरांनी एकदा वर पाहिलं, एकदा खुर्चीकडे.

"रंगण्णा! शेपटी खाली वाकव. आजच बार आण!"

शुक्रवारी सगळे मणके जागेवर होते. मंत्री म्हणाले, "अगदी पोहतोय असं वाटतं. कल्पना कुणाची?" डायरेक्टरांनी विनयाने हात जोडले.

तेव्हापासून शास्त्रासाठी भांडायला जाताना मी आधी पाहुण्यांची खुर्ची कुठे मांडली आहे ते मोजून घेतो.