ओळीच्या शेवटची फुली

रुग्णालयाच्या नोंदणी विभागात तिला सगळे पट्टीबाई म्हणत. जुन्या मोठ्या संगणकाची छापील पानं ती प्लॅस्टिकची पट्टी लावून वाचायची, म्हणून. त्या संगणकात एका रुग्णाची एक ओळ आणि प्रत्येक ओळ अगदी सारख्या लांबीची. आधी क्रमांक, मग नाव, मग जन्मतारीख. मध्ये ना स्वल्पविराम ना रेघ. नाव आखूड असलं तर उरलेली घरं मोकळी. कुठलं अक्षर कितव्या घरात, एवढ्यावरच सगळा अर्थ. एक घर सरकलं की माणसाचं वय त्याच्या पत्त्यात शिरलंच म्हणून समजा.

या मांडणीत मरणाला घर ठेवायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. ओळ पुसावी तर जुने अहवाल अडत. तेव्हा कारकुनांनी आपसात तोड काढली. रुग्ण गेला की ओळीच्या शेपटाला, जिथे कागदोपत्री रिकामी जागा होती, तिथे एक फुली. फुली असली की तपासणीला बोलावणारं पत्र निघत नसे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. तोड काढणारे निवृत्त झाले, काही स्वतःच फुलीला गेले आणि जाणणारी उरली एकटी पट्टीबाई.

मग सगळे विभाग एकमेकांना जोडणारी नवी यंत्रणा आली. तिच्यासाठी या ओळींचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं होतं. त्या कामावर बाहेरचा इंजिनियर आला. विभागप्रमुख तिच्यादेखत त्याला म्हणाला, "बाईंना वापरून घ्या. काम संपेपर्यंतच, महिनाअखेरपर्यंत आहेत." जणू ती साबणाची वडी होती.

घरात नवरा अंथरुणाला खिळलेला, कमावती ही एकटी. खुर्ची सोडायची नाही, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं.

एका दुपारी इंजिनियरने विचारलं, "मॅडम, शेवटच्या रिकाम्या जागेत मधूनच फुल्या दिसतात. काय आहे ते?"

"कचरा."

"नक्की? कागदावर नसलेलं काही ठाऊक असेल तर मला ते हवंय."

"कचऱ्याची कसली चौकशी करताय? झाडून टाका."

तिचा हिशोब सरळ होता. घोळ होईल, हेच लोक हातापाया पडत येतील.

घोळ झाला. मेलेल्यांना पत्रं गेली. एक तिच्याच घरी आलं, धाकट्या जावेकडे. जावेची मुलगी तापाने गेली होती आणि तिच्या ओळीवर फुली पट्टीबाईनेच मारली होती.

"ताई, तुमच्या ऑफिसातून आलंय. कानाची तपासणी राहिलीय म्हणे. मुलीला सोबत आणा, असं लिहिलंय."

"यंत्राची चूक गं. फाडून टाक."

"फाडू कशी? तिचं नाव आहे वर." जाऊ पत्राची घडी नीट करत म्हणाली, "किती वर्षांनी कुणी बोलावलं तिला."

पट्टीबाईने डबा उचलला आणि ऑफिस गाठलं. आता बोलावतील, मग बोलावतील, म्हणून ती सकाळभर ताटकळली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. विभाग जोडले गेलेच होते. इंजिनियरने मृत्युनोंदणीची यादी लावून जेवणाच्या सुट्टीआधीच सगळं निस्तरलं होतं. शेवटी तीच विभागप्रमुख साहेबाच्या खोलीत शिरली. इंजिनियर तिथेच बसला होता.

"फुल्यांचं मला ठाऊक होतं. मला विचारायला हवं होतंत."

साहेबाने इंजिनियरकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "विचारलं होतं, मॅडम. तुम्हाला ठेवून घ्या म्हणून मी अहवालात लिहिणार होतो. कागदावर नसलेलं या बाईंना ठाऊक आहे, एवढं एक कारण मला हवं होतं. तुम्ही म्हणालात, कचरा."

"ठाऊक होतं आणि गप्प बसलात?" साहेब म्हणाला. "मग महिनाअखेरीची वाट कशाला बघायची? आजच टेबल रिकामं करा."

घरी जाऊ दारातच उभी होती.

"कळलं का, ताई, कुणी केलं ते?"

"नाही गं. एवढे लोक तिथे, कुणाला विचारणार?"

"मग उद्या मी येते तुमच्यासोबत. मला एकदा तोंड बघायचंय त्याचं."

आतून नवरा पाणी मागत होता. पट्टीबाई चपला काढायची विसरून तशीच उभी राहिली.

"किती वाजता निघता तुम्ही?" जावेने विचारलं.