रिंगखालचा सत्कार

आमच्या पेठेत कुणाचं कौतुक करायचं तर अक्कल लागत नाही, माईक पुरतो. म्हणून तर सुमनअक्काचे किस्से संपत नाहीत. एक सांगून होतोय तवर पेठ दुसरा तयार ठेवते! अक्का देशाकडून बास्केटबॉल खेळलेली. मी तिची जुनी टीममेट. रिटायर झाल्यावर ती परत आली आणि पेठेतल्या पोरींना फुकट शिकवायला लागली.

*

अक्का पहिलं मेडल घेऊन आली तेव्हा भाऊ, म्हणजे आमच्या पेठेचे पुढारी, माईकवर गरजले, "आमच्या अक्कांनी फुटबॉलमध्ये देशाचं नाव काढलं!"

दुसराही एखादा खेळ असतो हे फुटबॉलवेड्या कोल्हापुरात सांगायचं कुणी? अक्का उठली. "भाऊ म्हणत्यात ते खरं हाय. मी सगळे गोल हातानं मारले!"

त्यालाही टाळ्या पडल्या!

*

मग स्थळ आलं. मुलाची आई मान वर करून म्हणाली, "पोरगी लई उंच हाय. आमच्या बाळ्यानं हार घालायचा कसा?"

अक्का म्हणाली, "उडी मारायला शिकवते की!"

त्यांचा परत निरोप आला नाही. बला टळली!

*

अलीकडं पोरींची प्रॅक्टिस चाललेली, तर पेठेतले प्रतिष्ठित कोर्टाच्या मधनंच वॉकिंग करत आले. "अक्का, पोरींना कडेला घ्या. डॉक्टरनं चालायला सांगितलंय."

"कोर्टावर सांगितलंय व्हय? चालायला रंकाळ्याचा काठ हाय की! का तळं आटलं?"

*

आणि अक्काचा परवाचा सत्कार! भाऊंनी स्टेज बांधलं कुठं? कोर्टावर, रिंगच्या बरोबर खाली! का? तर फोटोत रिंग दिसायला पाहिजे! त्याच संध्याकाळी तिथंच आमच्या पोरींची इचलकरंजीशी मॅच. जिंकल्या तर राज्य पातळीवर, वेळेत उतरल्या नाहीत तर बाद.

मॅचची वेळ झाली तरी प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही. भाऊ सोफ्यावर ऐसपैस बसलेले. "पावणं यायचं हायत. मॅच उद्या घेऊ की!"

रेफरी म्हणाला, "उद्या नाही. आत्ता खेळा, नाहीतर इचलकरंजी पुढं जाणार."

आमची कॅप्टन रडायला लागली. वर्षभर घाम गाळलेली पोर ती! माझं तर डोकंच फिरलं. अक्का फेटा बांधलेला तसाच ठेवून स्टेजवरनं खाली उतरली.

"स्टेज राहू दे तसंच, सुरू करा," ती रेफरीला म्हणाली. "इचलकरंजीकर, चालंल न्हवं?"

त्या पोरी हसून म्हणाल्या, "चालतंय की!"

शिट्टी झाली. आमच्या कॅप्टननं डोळे पुसले, बॉल घेऊन सुसाट आली आणि मारला. बॉल रिंगमधनं सरळ भाऊंच्या मांडीवर! भाऊंनी दचकून तो पोटाशी कवटाळला. फोटोग्राफरनं तेवढ्यात फोटो काढला.

अक्का खालनं ओरडली, "भाऊ, धरून काय बसलाय? पोरींचा हाय त्यो, टाका!"